तापलेला पाना

"म्हणजे मी चांगली गाडी मारून टाकली... असंच ना, उस्ताद?"

हंबीरनं हे खाली मान घालून विचारलं. एरवी मान खाली घालणाऱ्यांतला हा गडी नव्हे.

दस्तगीर उस्ताद लिंबाच्या सावलीत बाकड्यावर बसून चहा फुंकत होते. ते फुंकतच राहिले.

माळावरची जुनी धावपट्टी समोर तापत पडली होती. तिथं विमानं उतरायची केव्हाच बंद झाली. आता सुट्टीच्या दिवशी आसपासची गॅरेजवाली मंडळी तिथं गाड्या पळवतात. पाव मैल, नाकासमोर. कधी गाडीशी गाडी, कधी एकटी गाडी आणि घड्याळ.

उस्तादांकडं एकाच साच्यातल्या दोन पांढऱ्या गाड्या होत्या, जुन्याच. हंबीर शिकून तयार झाला तेव्हा उस्तादांनी त्याला त्यातली एक दिली, आणि आपल्या पेटीतला एक पाना दिला. गाडीपेक्षा पान्याचा मान मोठा. उस्तादांच्या हातचा पाना ज्याला मिळाला तो मिस्त्री झाला. ज्यानं तो परत केला त्यानं हा धंदा सोडला असं धरायचं. आजवर कुणी परत केला नव्हता.

पौषातल्या एका गार सकाळी त्या दोन्ही गाड्या ह्याच पट्टीवर पळाल्या होत्या. चाकाला चाक लावून आल्या. घड्याळ धरणारा सदबा तेव्हा म्हणाला होता, "ह्यात थोरली कोण अन् धाकटी कोण, मला तर काय कळंना."

पुढं हंबीरनं आपली गाडी उघडली. उस्तादांना विचारलं नाही. कार्बोरेटर मोठा बसवला, सायलेन्सरची नळी रुंद केली, मागची सीट काढून वजन उतरवलं. "दिली तशीच ठेवायची तर मी शिकलो काय?" असं चार लोकांत बोललाही. ते उस्तादांच्या कानावर गेलं होतं. ते हसले होते फक्त.

आणि आज, वैशाखाच्या भर दुपारी, घड्याळात ती गाडी पौषातल्यापेक्षा मागं पडली.

हंबीरनं प्लग बदलले. मागंच. कार्बोरेटरचा स्क्रू पिळून पाहिला. आणखी मागं.

सदबा भीतभीत म्हणाला, "हंबीरराव, ऊन बघा की केवढं हाय. हवा पातळ पडती. इंजिनाला तरी दम कुठनं मिळंल?"

"ऊन सगळ्यांनाच आहे," हंबीर खेकसला. "ज्याच्या हातात कला नाही, तो आभाळाकडं बोट दाखवतो."

हे तो आजवर दुसऱ्यांना सुनवत आला होता. आता स्वतःसाठी ते बोट उचलायचं कसं?

म्हणून तो लिंबाखाली आला होता. शेजारी एक रिकामं पिंप उन्हात उभं होतं. त्यानं खिशातून पाना काढला आणि त्या पिंपावर ठेवला. वर गाडीची किल्ली ठेवली.



उस्तादांनी पान्याकडं बघितलं. मग हंबीरकडं. मग उरलेला चहा संपवला... सावकाश.

"किल्ली दे इकडं," ते म्हणाले.

"पाना?"

"मी किल्ली मागितली."

किल्ली घेऊन त्यांनी आपल्या गाडीची किल्ली हंबीरच्या हातात ठेवली.

"तू माझी घे. मी तुझी घेतो."

"उस्ताद, तुमची गाडी तर दिवाळीपासनं कुणी उघडलेली नाही."

"न्हाईच उघडलेली."

"मग ती पुढं आली तर..."

"तर तुझं खरं. पाना माझ्या पेटीत जाईल. बस."

हंबीर उस्तादांच्या गाडीत बसला. आजवर कुठल्याही शर्यतीत त्याला जिंकायची अशी भीती वाटली नव्हती. कुचराई करावी, असंही एकदा मनात येऊन गेलं. पण उस्तादांपुढं ते कसं जमावं? पायानं लबाडी केली असती, तर इंजिनाच्या आवाजावरनं त्यांनी ती ओळखली असती.

शेजारी सत्तरीचे उस्ताद, पायात साधी चप्पल, काच खाली केलेली, कोपर बाहेर.

सदबानं रुमाल खाली केला.

हंबीरनं पाय तळाला टेकवला. होता नव्हता तेवढा जोर. दोन्ही गाड्या बरोबरीनं सुटल्या. थोडा वेळ शेजारच्या खिडकीत उस्तादांची पांढरी दाढी दिसली. मग खिडकी पुढं गेली. मग मागचं चाक दिसायला लागलं... मग डिकी.

हंबीर आणखी दाबत होता. दाबायला काही उरलं नव्हतं. त्याची स्वतःची गाडी त्याच्यापासून लांब लांब जात होती, आणि खिडकीतून बाहेर काढलेला एक म्हातारा हात त्याला टाटा करत होता.

छातीवरचा दगड कुणी अलगद उचलावा तसं त्याला झालं. तो एकटाच मोठ्यानं हसला. स्टिअरिंगवर थाप मारून म्हणाला, "हरलो की रं!"

परत आला तेव्हा डोळे पुसत होता. सदबा बघतच राहिला.

"उन्हानं फिरलंय ह्यांचं. हरून हसणारा पहिलाच बघतोय मी."

"माझी गाडी कुठंय बघ की, सदबा! केवढी पुढं गेली!"

"गेली खरी. पण घड्याळात अजून पौषाच्या मागंच हाय. अन् उस्तादांची तर पार मागं पडलीया. इतकी मागं ती कधीच नव्हती."

हंबीरचं हसू थांबलं. तो उस्तादांकडं वळला.

"मग सकाळपासनं हे घड्याळ खोटं बोलत होतं का?"

"खोटं कशाला बोलंल?" उस्ताद दाराला धरून हळूहळू उतरले. "त्याला ऊन लागत न्हाई. एवढंच."

उस्ताद गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. इंजिन आतून निवत टकटक करत होतं.

"नळी बरी रुंद केलीस," ते म्हणाले. "माझ्या गाडीलापण बसव तसली."

हंबीर वाकून नळीकडं बघायला लागला.

"अन् ते काय तिथंच ठेवणार हायस?"

हंबीर धावतच पिंपाकडं गेला. पाना उचलला... आणि "आई गं!" म्हणत टाकून दिला. मग सदऱ्याचा घोळ हाताशी घेऊन त्यात तो पुन्हा उचलला, लहान मूल उचलावं तसा.

"काय झालं?" उस्तादांनी विचारलं.

"काय नाही, उस्ताद. उन्हानं तापलाय."

उस्ताद बाकड्यावर टेकले. रिकामा ग्लास त्यांनी सदबाकडं दिला, आणखी चहा सांगितला.

"मग... खराब झाला म्हणायचा का, मिस्त्री?"