कुंभारणीचं माहेर

आवेवाडीत कुठल्याही घरात शिरा, माजघराच्या दारावर हातभर भिंत कोरी दिसेल. बाकीच्या भिंती कशा लख्ख सारवलेल्या, आणि तेवढ्याच जागी उघडी तांबडी माती. नवखा पाहुणा हमखास हसतो. म्हणतो, इथल्या बायकांना शेवटी शेवटी कंटाळा आला वाटतं. वाडीतले म्हातारे तात्याबा त्या हसण्यावर रागावत नाहीत. पाहुण्याला उंबऱ्याशी बसवतात, गार पाणी देतात आणि येसाईची हकिगत सांगतात.

फार जुनी गोष्ट आहे म्हणे. वाडी तेव्हाही सगळी कुंभारांचीच. येसाईची मुलं जगत नसत. पाळणा बांधावा आणि सोडावा, एवढंच तिच्या नशिबी. शेवटी झालेल्या लेकीला तिनं उकिरड्यावर लोळवून घेतलं आणि नाव ठेवलं चिंधी, म्हणजे काळाची नजर पडू नये. चिंधी जगली, वाढली, डोंगरापलीकडे नांदायला गेली. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार असा सांगावा आला, तेव्हा येसाईचं पाऊल जमिनीवर ठरेना.

तिनं माजघर झाडायला काढलं. दारावरच्या भिंतीला कुंभारणीचं घर होतं. कुंभारीण म्हणजे ती बारीक कमरेची माशी, तोंडातून चिखल आणून भिंतीवर इवलंसं मडकं लिंपते आणि त्यात आपलं पोर ठेवते. वाडीतले कुंभार तिला आपल्या जातीची मानत. ती घरात आली की लेक माहेरी आली म्हणत. येसाईनं खुरपं उचललं तशी थोरली जाऊ भागाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं येसे. ती बी बाळंतपणालाच आलीया."

"मग माझी लेक काय किड्यामुंग्यांत निजवू?" येसाई म्हणाली.

आईच ती, तिला आपल्या पोरीपलीकडे काही दिसत नव्हतं. खुरप्याच्या एका फटक्यात घर खाली आलं. आतली पांढरी अळी जमिनीवर पडली, ती कोंबडीनं टिपली. येसाईनं भिंत अशी सारवली की जागेची खूणसुद्धा उरली नाही.

माशी परत आली, तोंडात चिखलाची गोळी घेऊन. गुळगुळीत भिंतीपुढे घिरट्या घालत राहिली. दारातून बाहेर जायची, पुन्हा आत यायची, पुन्हा तिथंच भिरभिरायची. भागाबाईला ते बघवेना. येसाईला बघायला सवड नव्हती. ती लेकीसाठी बाज आवळत बसली होती.

चिंधीची गाडी डोंगर उतरली आणि वाडीच्या अलीकडेच तिचा आस मोडला. तिला आणायला गेलेला दीर गाडीपाशी थांबला. समोर वाडीतल्या मडकी भाजायच्या आव्याचा धूर दिसत होता. "मी होते पुढं, भावजी. माझंच तर घर," असं म्हणून चिंधी चालू लागली. लहानपणापासूनची पायाखालची वाट. तरी तिला चकवा लागला, असं सांगतात. वाडीभोवती ती फिरत राहिली. आपल्याच दारावरून गेली, दाराकडे बघून गेली, पण दार काही तिला ओळखू आलं नाही. गुराख्यांनी तिला लांबून पाहिलं. त्यांना वाटलं, माहेरवाशीण आहे, हौसेनं शिवार बघतेय.

संध्याकाळी दीर गाडी घेऊन पोचला आणि चिंधी कुठं म्हणून विचारू लागला, तेव्हा सारी वाडी धावली. कुंभार जिथून माती आणतात त्या खाणीत ती सापडली. मूल जन्मून गेलेलं होतं, आणि तीही गेली होती. येसाईनं तिची मिटलेली मूठ सोडवली. मुठीत ओल्या चिखलाची गोळी होती.

येसाईचा हंबरडा डोंगरापलीकडे ऐकू गेला म्हणे. घरी येऊन तिनं दारावरचं सारवण नखांनी खरवडून काढलं. "मीच पुसलं गं तुझं घर," एवढंच ती म्हणत होती. ती जागा तिनं पुढं कधी सारवली नाही. तिथं कुंभारीण येऊन बसली की येसाई पदर सावरून बाजूला सरायची, आणि तिला चिंधी म्हणायची.

आजही वाडीत कुणी दारावरच्या त्या मातीला हात लावत नाही. लेक पहिल्या बाळंतपणाला यायची असली की आई उंबऱ्यात मातीच्या पसरट परळात ओला चिखल ठेवते, आणि गाडी दिसायच्या कितीतरी आधीपासून दारात उभी राहून रिकाम्या वाटेकडे बघत हाका मारते, "हितं हाय गं तुझं घर, हितं हाय."