कॅल्डरचे बगळे आणि सिग्नेबाईचा प्रश्न

या कॅल्डर शहरात पानगळीच्या दिवसांत दर शनिवारी एक गोष्ट हमखास घडते. आपल्या विद्यापीठाचा एखादा खेळाडू मैदानावर आडवा पडला की स्टेडियमच्या कर्ण्यांतून एका बाईचा आवाज येतो. ‘लागलंय का त्याला?’ आणि सत्तर हजार माणसं एका दमात ओरडतात, ‘नाही!’ अर्थात ते इंग्रजीत ओरडतात, पण मी तुम्हाला मराठीतच सांगतो. इथे बनियनवर तो प्रश्न छापलेला असतो, कॉफीच्या मगवर उत्तर. तान्ह्या मुलांच्या लाळेऱ्यावरसुद्धा ‘नाही!’ लिहिलेलं मी पाहिलंय.

वहिनी, आज दुसऱ्या वेळी तुम्हीही ओरडलात. मला राग नाही, पहिल्यांदा येणारा प्रत्येकजण ओरडतो. तुमच्या लेकीने तिकिटं काढून तुम्हाला हौसेनं नेलं, आणि आता वाटेत तुम्ही मला विचारता आहात की ही बाई कोण. गेली चाळीसएक वर्षं मी इथे राहतोय, इथल्या महाराष्ट्र मंडळाचा गणपतीदेखील सामन्याचा शनिवार चुकवून बसवावा लागतो, तेव्हा एवढं तरी मला ठाऊक असायला हवं. गाडी अजून बरीच लांब लावलीय. चालता चालता सांगतो.

या संघाचं नाव बगळे. हसू नका, इथल्या नदीवर पूर्वी फार बगळे असत म्हणून ते नाव. शंभराहून जास्त वर्षं झाली असतील या गोष्टीला. तेव्हा स्टेडियम नव्हतं, नदीकाठचं एक सपाट कुरण होतं आणि भोवती दोर बांधलेला. हे फुटबॉल म्हणजे आपल्याकडचं नव्हे, चेंडू हातात घेऊन समोरच्यांच्या अंगावर जायचं. तेव्हा डोक्यावर टोपसुद्धा नसायचा. पोरं केस वाढवत, तेवढंच डोक्याला संरक्षण. आणि एक डाव असा होता की संघातला सगळ्यात हलका मुलगा निवडायचा, त्याच्या पॅन्टला कमरेशी चामड्याच्या मुठी शिवायच्या, आणि त्या मुठी धरून दोघातिघांनी त्याला चेंडूसकट समोरच्या घोळक्यावरून पलीकडे फेकून द्यायचं. पलीकडे तो कसा पडेल, हे त्याचं नशीब.

नदीजवळच्या गल्लीत सिग्ने हाउगेन नावाची एक विधवा राहायची. नॉर्वेहून आलेली. विद्यार्थ्यांचे कपडे धुऊन आणि शिवून पोट भरायची, संघाचे कपडेही तिच्याकडेच यायचे. तिला दोन मुलगे, थोरला नील्स आणि धाकटा एमिल. दोघंही अंगाने काटकुळे आणि जिवावर उदार. तेव्हा फेकायला कुणाला निवडलं हे सांगायला नको. नील्सच्या पॅन्टच्या मुठी सिग्नेबाईनेच शिवल्या होत्या, असं सांगतात. दुहेरी दोऱ्याने शिवल्या होत्या, कारण पोराला धरलेली मूठ मधेच सुटू नये असं तिला वाटत होतं.

मूठ सुटली नाही. ऑक्टोबरातल्या एका सामन्यात नील्स पलीकडे मानेवर पडला आणि आईच्या घरी, आईच्या खाटेवर त्याने प्राण सोडला.

विद्यापीठाचे अध्यक्ष पूर्वी पाद्री होते. त्यांनी चर्चमध्ये सगळ्यांदेखत सांगितलं की यापुढे आणखी एका पोराला जबर लागलं तर मी ते कुरण नांगरून ओट पेरीन आणि खेळ कायमचा बंद करीन. माणूस शब्दाचा पक्का होता. नोव्हेंबरात नदीपलीकडच्या विद्यापीठाशी सामना होता. त्यांच्याकडून कॅल्डर वर्षानुवर्षं मार खात आलं होतं. यंदा फेकायच्या डावामुळे पहिल्यांदाच जिंकायची आशा होती, आणि फेकायला आता कुणी उरलं नव्हतं. एमिल तेवढा होता.

या भागातली माणसं फार गोड, हे तुम्ही पाहिलंच असेल. दार धरून ठेवतील, अनोळखी माणसाला हसून विचारतील कसे आहात. तेव्हाही तशीच होती. कुणाच्या घरी माणूस गेलं की शेजारच्या बायका शिजवलेलं अन्न भांड्यांतून आणून देतात. झाकणाखाली आपल्या नावाची चिठ्ठी डकवलेली असते, म्हणजे भांडं घरी परत येतं. सिग्नेबाईच्या ओट्यावर अशी भांडी ओळीने मांडलेली होती. मग संघाचा प्रशिक्षक, थॅडियस क्रेग त्याचं नाव, चार प्रतिष्ठित माणसं घेऊन तिच्या दारी गेला आणि टोपी हातात धरून फार अदबीने त्याने एमिलला मागितलं. ती नाही म्हणाली. त्याने तिचे आभार मानले आणि तो परत गेला.

दुसऱ्या दिवशी बायका आपापली भांडी न्यायला आल्या. अन्न अजून संपलं नव्हतं. त्या हसतमुखाने म्हणाल्या, ‘असू दे, आम्ही घरी गेल्यावर रिकामी करू,’ आणि भरलेली भांडी पदराखाली... पदर कुठला, शालीखाली घालून घेऊन गेल्या. नंतर धुणं यायचं बंद झालं. चर्चमध्ये ती ज्या बाकावर बसे त्या बाकावर दुसरं कुणी बसेना. वाईट शब्द मात्र एकानेही काढला नाही, म्हणे. मला विचाराल तर तोंडावर शिव्या देणारं गाव पत्करलं. निदान भांडायला तरी कुणी मिळतं.

एमिल एकोणीस वर्षांचा होता. त्याला हे सोसवेना. आणि खरं सांगायचं तर त्यालाही जायचंच होतं. भाऊ ज्या जागेवर पडला ती जागा त्याला खुणावत होती. विद्यापीठात नाव घालणं त्या काळी एका दुपारचं काम होतं. ते करून तो क्रेगकडे सरावाला जायला लागला. क्रेगची एक शिस्त होती. मुलगा पडला की तो लांबूनच ओरडून विचारायचा, ‘लागलं का?’ आणि मुलाने, काहीही झालेलं असो, उठता उठता ओरडायचं, ‘नाही, सर!’ जो असं म्हणणार नाही त्याला पुन्हा फेकायचं. हे पोरांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की वसतिगृहात जिन्यावरून घसरला तरी मुलगा आधी ‘नाही, सर’ म्हणायचा आणि मग गुडघा चोळायचा.

सामन्याच्या सकाळी बॅन्ड वाजवत सगळं गाव एमिलला न्यायला आलं. सिग्नेबाई उंबऱ्यात उभी राहिली. तिने काय केलं याबद्दल सांगणाऱ्यांत मतभेद आहेत, पण ती जे बोलली ते सगळे सारखंच सांगतात. सगळ्यांसमोर ती एमिलला म्हणाली, ‘मोडून आलास तर हे दार उघडीन, तू माझा. धड आलास तर ज्यांनी नेलं त्यांच्याकडेच राहा. तुला घरात घेतलं तर ते पुन्हा मागायला येतील, आणि मी तुला पुन्हा देणार नाही.’

ती देवाची शपथ घेऊन बोलली. गावाने ऐकलं आणि बॅन्ड पुन्हा सुरू झाला.

त्या सामन्यात एमिलला इतक्या वेळा फेकलं की शेवटी शेवटी समोरचेही त्याला झेलायला हात वर करू लागले, असं सांगतात. बर्फ पडायला लागलं होतं. अगदी अखेरच्या डावात त्याला उंच फेकलं, तो सगळ्यांच्या डोक्यांवरून गेला आणि रेषेपलीकडे डोक्यावर पडला. चेंडू त्याच्या पोटाशी घट्ट होता. कॅल्डर जिंकलं. लोक दोर तोडून धावले. एमिल आपणहून उठला. तो हसत होता आणि ज्याला त्याला विचारत होता की कोण जिंकलं. सांगितलं की खूश व्हायचा, आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारायचा. त्याच्या कानातून पाण्यासारखं काहीतरी गळत होतं. कुणीतरी आपली लोकरी टोपी त्याच्या डोक्यावर कानापर्यंत ओढली. मग तो म्हणाला, मला घरी न्या.

त्याला खांद्यावर घेऊन मिरवणूक गल्लीत आली तेव्हा दिवस मावळत होता. अध्यक्षांची घोडागाडीही मागोमाग आली. त्यांना पोराला डोळ्यांनी पाहायचं होतं. एमिलला दारासमोर उतरवलं. तो उभा राहिला. क्रेगने दार वाजवलं.

आतून सिग्नेबाईने विचारलं, ‘लागलंय का त्याला?’

बघा कसा पेच होता. हो म्हटलं तर दार उघडणार, दिव्याच्या उजेडात आई टोपी काढणार, अध्यक्ष बघणार, आणि वसंतात कुरणावर ओट उगवणार. क्रेग म्हणाला, ‘नाही.’

तिचा त्याच्यावर विश्वास नव्हता. ती म्हणाली, मी गावाला विचारते आहे. आणि तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला. गल्लीत शेकडो माणसं होती. भांडी परत नेणाऱ्या बायका होत्या, चर्चमधले होते, टोपी देणाराही होता. सगळ्यांनी एकदा अध्यक्षांच्या गाडीकडे पाहिलं. मग सगळे मिळून म्हणाले, ‘नाही!’

तरी ती माऊली दाराशीच होती. तिने पोरालाच हाक मारली. ‘एमिल, तू सांग. लागलंय का?’

त्याच्या डोक्यात तेव्हा काय चाललं होतं कोण जाणे. आपण घराच्या दारात आहोत की मैदानावर, हेसुद्धा त्याला कळत नसावं. कुणीतरी विचारतंय, लागलं का, एवढंच त्याला ऐकू आलं. तो ताठ झाला आणि मोठ्याने म्हणाला, ‘नाही, सर!’

ते ‘सर’ ऐकलं आणि तिने आतून दाराला अडणा घातला. पोरगं आपलं राहिलं नाही, याची तिला खात्री पटली. अडणा पडल्याचा आवाज गल्लीभर ऐकू गेला, म्हणे.

अध्यक्षांनी गाडी वळवली. लोकांनीही विचार केला की मायलेकरांचा घरगुती मामला आहे, आपण अडचण करू नये. गोड माणसं ना. एमिलला पायरीवर बसवलं, त्याची पाठ थोपटली आणि सगळे मेजवानीला गेले. दाराशी कुणी थांबलं नाही. घटकाभराने ती उघडेलच, असं प्रत्येकाला वाटलं.

सकाळी तिने बर्फ लोटायला दार उघडलं. ते आतल्या बाजूला उघडणारं दार होतं, त्यामुळे त्याला टेकून बसलेला एमिल तिच्या पायांवर आत पडला.

शहराने ठरवलं की तो थंडीने गेला. गावाने धडधाकट मुलगा आणून दिला होता, अध्यक्षांनी स्वतः ऐकलं होतं, आईनेच त्याला घरात घेतलं नाही. खेळाडू घरच्या पायरीवर गारठून मेला तर त्यात खेळाचा काय दोष? खेळ चालू राहिला. टोपीचा मालक आपली टोपी मागायला गेला नाही, एवढीच काय ती लाज कुणी बाळगली.

पुढच्या पानगळीत सिग्नेबाई मैदानावर येऊ लागली. दोराशी उभी राहायची, कुणाशी बोलायची नाही. फक्त मुलगा पडला की विचारायची, ‘लागलंय का त्याला?’ पहिल्या वर्षी लोक खाली बघत. दुसऱ्या वर्षी कटकट म्हणू लागले. मग नवी पोरं शिकायला आली, त्यांना आधीचं काही माहीत नव्हतं. त्यांना ती म्हातारी गमतीची वाटली. त्यांनी एकदा तिला एका सुरात उत्तर दिलं. सगळे हसले, आणि त्या दिवशी कॅल्डर जिंकलं. झालं. पुढच्या सामन्याला ती कुठे आहे म्हणून लोकच शोधायला लागले. तिच्यासाठी दोराजवळ खुर्ची ठेवली, गुडघ्यांवर घोंगडी घातली. ती विचारत राहिली आणि गाव उत्तर देत राहिलं, ती मरेपर्यंत. आपण तिचा केवढा मान ठेवतो, असं त्यांना खरोखरच वाटत होतं.

ती गेल्यानंतरच्या पहिल्या सामन्यात पोरगा पडला तेव्हा रिकाम्या खुर्चीतून तिचा आवाज आला, असं इथली जुनी माणसं सांगतात. मी ते मानत नाही. मेलेल्या बाईला इतकं राबवून घेणं मला पटत नाही. मला वाटतं तो आवाज आला नाही, संघ हरला, आणि मग लोकांनी एका मुलीला ते विचारायला उभं केलं. पुढे कर्णे आले, आवाज ध्वनिमुद्रित झाला. तुम्ही आज ऐकलात तो नाटक शिकवणाऱ्या एका बाईंचा आहे. गोड आवाज आहे.

आजही ती प्रथा पाळतात. पायरी, दार काही उरलेलं नाही, तिथे आता गाड्या लावतात. आपली गाडीही तिथेच आहे. पण दर शनिवारी तो प्रश्न येतो आणि ते उत्तर जातं. आता डॉक्टर असतात, स्ट्रेचर असतं, नियम असतात. तरी आधी ‘नाही!’ आणि मग डॉक्टर.

गेल्या हंगामात माझ्या पुढच्या रांगेत एक शेतकरीण बसली होती. बोलकी बाई, आपल्या थर्मासमधलं कोको तिने मलाही दिलं. मुलगा संघात आहे म्हणाली, यंदाच घेतलाय, अजून फारसा खेळवत नाहीत. तिसऱ्या सत्रात चार-पाच पोरांचा ढीग झाला, ढीग उठला आणि तळाचा एकजण तसाच राहिला. कर्ण्यांतून आवाज आला. सगळ्यांबरोबर त्या बाईनेही हात वर करून जोरात ‘नाही!’ म्हटलं. मग डॉक्टरांनी त्याला कुशीवर वळवलं आणि तिने त्याच्या पाठीवरचा आकडा वाचला.

ती उभी राहिली. मैदान लांब होतं, तो हलतोय का ते तिला दिसत नव्हतं. तिने मागे वळून आम्हा सगळ्यांना विचारलं, ‘लागलंय का हो त्याला?’

आणि माझ्या मागच्या रांगा एका सुरात म्हणाल्या, ‘नाही!’