ब्रेक की स्टिअरिंग

तात्यासाहेब हिरुगड्यांनी आपल्या व्हॅनमध्ये जास्तीचं बाकडं बसवलं आणि त्यासाठी ड्रायव्हरची सीट पुढं सरकवून वेल्डिंगनं पक्की केली. नंतर आलेला ड्रायव्हर इलाही मुलाणी सव्वासहा फूट उंच. टपाला डोकं घासायचं, ब्रेकवर पाय ठेवला की गुडघा स्टिअरिंगला अडकायचा. गादी काढून त्यानं नुसत्या पत्र्यावर बसून बघितलं, तरी भागेना. दोन वर्षं तो सीट मागं घ्या म्हणून विनवत होता.

"आधीचा ड्रायव्हर हितंच आठ वर्षं बसला," तात्यासाहेब म्हणायचे. "सीट बरोबर आहे. तुझेच पाय जास्त आहेत."

शेवटी इलाहीनं बोलणंच सोडलं.

मग एकदा तात्यासाहेब पाहुण्यांना घेऊन कोकणात लग्नाला निघाले आणि स्वतः ऐटीत पुढं बसले. घाटाच्या तोंडाशी देवीपुढं इलाहीनं रिवाजाप्रमाणे नारळ फोडला, खोबरं वाटलं, पण गाडी काही सुरू केली नाही.

"आता काय?"

"मालक, सपाटीला मी आधी ब्रेक मारतो, मग वळवतो. उतारावर दोन्ही एकदम लागतं, आणि या सीटवर एका वेळी एकच होतं. आत्ताच सांगून ठेवा, वळणावर तुम्हाला ब्रेक पाहिजे का स्टिअरिंग?"

तात्यासाहेबांच्या हातातलं खोबरं हातातच राहिलं.

तिथल्याच गॅरेजात बाकडं उतरवलं, सीट कापून वीतभर मागं घेतली. बाकड्यावरचे पाहुणे एसटीनं पुढं गेले.

"घे, आता कर पाय लांब," तात्यासाहेब म्हणाले.

इलाहीनं करून बघितला. दोन वर्षं वाकलेला गुडघा आता पुरता सरळ होत नव्हता.