सावखिंडीचा अडसर

पाहुणे, वेशीचं हे दार बघून घ्या. सागवानी आहे, आणि आतून मांडीएवढा जाड अडसर. बाहेरच्या अंगाला लाकूड झिजून खोलगट झालंय, तिथं हात लावून बघा. ते तळहातांनी झिजलंय. का, ते सांगतो, पण उन्हात नको, इकडं ओट्यावर बसा.

फार पूर्वी सावखिंडीत राही नावाची सून नांदायला आली, तेव्हा ही वेस कायमची बंद असायची. गावाची ये-जा तटाला पडलेल्या खिंडारातून चाले. धडधाकट दार असताना माणसं वाकून का जातात, असं तिनं विचारलं, तर नवऱ्यानं विषय बदलला. सासूनं, म्हणजे तुळसानं, कितीतरी दिवस अबोला धरला.

वैशाखात एक दिवस मात्र सगळं गाव याच दारापाशी जमे आणि दिवस मावळेपर्यंत ढोल बडवत राही. खिंडार तेवढ्यापुरतं काट्यांनी बुजवत. त्या दिवशी म्हणे दारावर बाहेरून थापा पडायच्या, आणि ज्याच्या कानावर पडतील त्याचं घर बसायचं. परगावच्यांना मात्र हा आमचा उत्सव आहे म्हणून सांगत. खोटं रेटून बोलण्यात आमच्या गावाचा हात कोणी धरला नसता.

एका वर्षी ढोल सुरू झाले, आणि दुपारी राहीच्या ध्यानात आलं, की मथी शेजारणीकडं नाही. मथी तिची लेक, नुकती बोलायला लागलेली. सकाळी, खिंडार बुजवण्याआधी, शेळ्यांमागं ती त्यातून बाहेर जाताना एका बाईनं पाहिली होती. शेळ्या कधीच परतल्या होत्या. बाहेर ना झाड, ना पाणी. खिंडाराकडं धावली तर तिथल्या माणसांनी अडवलं, आज गाव उघडायचं नाही म्हणून. नवराही मान खाली घालून त्यांच्यातच उभा होता.

मग तिनं या दाराला कान लावला. ढोलांनी लाकूड थरथरत होतं, आणि त्या थरथरीत आणखी काही होतं की नव्हतं, कळेना. अडसराकडं नेलेला हात तिथंच थिजला. मथी असेल तर ती मरत होती. मथी नसेल तर कोण असेल? इतकी वर्षं गावाचं अन्न खाल्लं होतं, गावाची भीतीही तिच्या अंगात मुरली होती.

"पोरीचा आवाज काढून बोलावत्यात ते," गावचा म्हातारा कारभारी म्हणाला. "फसू नगंस."

राहीनं सासूचे पाय धरले. "आत्याबाई, बाहेर कोण हाय? कुणाला भ्यायचं ते तरी सांगा मला."

तुळसानं तिला हाताला धरून उठवलं. मग ती बोलली. "मी नवी नवरी हुते तवा पटकी आली. नदी आटली हुती, पल्याडचं गाव पाणी मागत आलं. हीर आत. रोग आत यील म्हणून आमी अडसर घातला. समद्यांनी घातला. माझा भाऊ हुता त्यांच्यात. माझं नाव घिऊन हाका मारायचा, आन् मी अडसराला पाठ लावून बसले हुते. मग हाका थांबल्या. बाहेर कुणी न्हाई, पोरी. कुणी ऱ्हायलंच न्हाई."

असं सांगतात, की तिच्या बोलण्यानं जवळच्या ढोलकऱ्याचा हात थांबला. मग पलीकडच्याचा. होता होता सगळे ढोल गप्प झाले, आणि दाराच्या पार तळाशी एक लहानशी थाप ऐकू आली. "आये."

तरी कोणी पुढं झालं नाही. म्हातारे मागं सरकले, कारभारीही. राहीलाही भीती वाटत होतीच, ते आम्ही लपवत नाही. तिनं डोळे मिटून अडसराला हात घातला, दुसरं टोक तुळसानं उचललं. मथी जिवंत होती. ओठ सुकलेले, अंग तापानं फणफणलेलं. तिच्या मागं, पार कोरड्या ओढ्यापर्यंत, फुटकी गाडगी पडली होती, पटकीच्या साली पाण्यासाठी आणलेली; तेव्हापासून दारापुढं कोणी फिरकलंच नव्हतं.

राहीनं लेकीला आत आणून पाणी पाजलं. गाव बाहेर येऊन ती गाडगी बघत उभं होतं. तेवढ्यात तिनं म्हणे आतून दार लावून घेतलं आणि ओरडून सांगितलं, "आता तुमी सांगा काय झालं ते. समदं सांगा, मग उघडते."

आजही वैशाखात तो दिवस आम्ही पाळतो. खिंडार बुजवून सगळं गाव बाहेर उन्हात, आणि आत एकटी नवी सून. आम्ही थाप मारायची, तिनं कोण म्हणून विचारायचं, आणि गावाच्या वतीनं एकानं झालेलं सगळं सांगायचं. मगच ती अडसर काढते.

गेल्या साली सांगायचा मान सरपंचांना होता. 'आम्ही अडसर घातला' असं म्हणायच्या जागी ते 'त्या काळच्या काही लोकांनी घातला' असं म्हणाले. आतून अडसर काही हलला नाही. पोरंबाळं घेऊन आम्ही दिवस मावळेपर्यंत बाहेर उभे होतो, आणि पाणी आत होतं.