सहाशे जेवणारे आणि दोनशे पत्रावळी

पुढे सरका मंडळी, ही गोष्ट मागे बसून ऐकायची नाही! फार फार जुना काळ. एका राज्यात लागोपाठ दोन वर्षं पाऊस पडला नाही. राजाने गावोगावी अन्नछत्रं उघडली. रोज दुपारी पंगत बसायची, भाकरी आणि पिठलं, पोटभर.

राजा मनाचा चांगला, पण भारी संशयी. त्याने हुकूम काढला, "फुकटचं अन्न म्हटलं की लबाड येणारच. किती पकडले ते दर महिन्याला मला कळवा. जो जास्त पकडेल त्याला शेला!"

झालं! एका गावच्या कारभाऱ्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तो दारात उभा राहून बायामाणसांच्या गाठी सोडून बघायला लागला.

त्या गावात सगुणा नावाची बाई होती. अन्नछत्राच्या पत्रावळी तीच लावायची आणि तिथेच जेवायची. नवरा अंथरुणाला खिळलेला. म्हणून अर्धी भाकरी ती खायची, अर्धी त्याच्यासाठी पदरात बांधायची. नियम मात्र असा, की अन्न तिथेच बसून खायचं.

"चोर!" एक दिवस तिच्या पदराची गाठ सोडून कारभारी ओरडला. "हिचं नाव लिहा. उद्यापासून पंगत बंद!"

"अहो कारभारी, माझ्याच वाट्याची आहे हो ती! घरी माणूस उपाशी आहे."

"ते राजाला सांग," तो हसला. वर बजावलं, "पत्रावळी मात्र आणत जा. मूठभर कण्या देईन."

बघा केवढा निगरगट्ट! मूठभर कण्यांवर दोन जीव कसे जगणार? नवरा दिवसेंदिवस खंगत चालला. सगुणाच्या जिवाची नुसती तगमग.

आणि एक दिवस काय व्हावं? कारभाऱ्याला शेला द्यायला खुद्द राजा गावात आला! ढोल वाजले, सगळं गाव लोटलं. कारभाऱ्याने छाती फुगवून वाचलं, "रोजचे जेवणारे सहाशे. पकडलेले चोर एक्केचाळीस!"

"शाब्बास!" राजा म्हणाला.

तेवढ्यात गर्दीतून सगुणा ओरडली, "महाराज, सहाशे माणसं जेवतात कशावर? मी तर रोज दोनशेच पत्रावळी लावते!"

कारभाऱ्याचा चेहरा पांढराफटक. यादीत वाटेल तितकी नावं घुसडताना पत्रावळींचं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं!

"बाकीचे... घरून ताट आणतात," तो चाचरत म्हणाला.

"असं? मग वाढा पंगत!" राजाने यादी हातात घेतली. "मी नावं घेतो, ज्याने त्याने बसावं. रखमाजी!"

"अहो तो पटकीत गेला की!" एक म्हातारी म्हणाली. "मीच रडले ना त्याला!"

"सोनजी!"

"त्याने गाव सोडून वर्ष झालं!"

गावाला हसू आवरेना. राजा मात्र हसत नव्हता. यादी संपली, तेव्हा पंगतीत जेमतेम दोनशे माणसं होती. शिपाई कारभाऱ्याच्या घरी धावले. गोठ्यामागचं पेव उघडलं, तर चारशे माणसांच्या वाट्याचं धान्य आत गच्च भरलेलं!

पकडलेल्या चोरांत सगुणाचंही नाव होतं. राजाने तिला विचारलं, "बाई, तू काय चोरलं होतंस?"

"अर्धी भाकरी, महाराज. माझीच."

राजाची मान खाली गेली. "चोर किती, एवढंच मी विचारत राहिलो. उपाशी कोण राहिलं, ते एकदाही विचारलं नाही. चुकलो मी."

कारभाऱ्याची रवानगी तुरुंगात झाली. एक्केचाळीस माणसं पुन्हा पंगतीला बसली. आजाऱ्याचं अन्न घरी न्यायची मुभा मिळाली. आणि त्या दिवसापासून अन्नछत्राची यादी जेवणाऱ्यांसमोर मोठ्याने वाचायची, असा नवा हुकूम निघाला.

सगुणा दोन अख्ख्या भाकरी घेऊन घरी पळाली. नवऱ्याने एक संपवली, बोटं चाटली आणि विचारलं, "अजून आहे का गं?"

"आहे हो, आहे!" असं म्हणताना ती हसत होती आणि रडतही होती.

तात्पर्य: ज्याच्या पोटासाठी कारभार चालतो, त्यालाच विचारल्याशिवाय त्या कारभाराची तपासणी पुरी होत नाही.