सुभेदारांची कंठी

वेळणे बंदराचे सुभेदार रंगोजीराव धक्क्यावर उभे राहून नुसते फणफणत होते. "जकात माफ केली, वखारी फुकट दिल्या! तरी परदेशी जहाजं केशर आणि रेशीम शेजारच्या बंदरात उतरवतात. आणि आमच्या नशिबी काय? जाती आणि पाटे-वरवंटे!"

काथ्याचे दोर विकणाऱ्या सकवारबाईंना हसू आवरेना. दोर विकता विकता त्यांनी सगळ्या नाखव्यांची रडगाणी ऐकली होती.

"सरकार, चोराला उचलवत नाही तेवढाच माल आपल्या धक्क्यावर उतरतो."

"चोर? माझ्या बंदरात?" सुभेदार कडाडले. "एक तरी तक्रार आलीय माझ्याकडे?"

"तक्रार करायला माणूस परत तर यायला हवा!"

"साफ खोटं! इथे ठेवलेल्या वस्तूला कुणी हात लावत नाही."

"मग तुमची ही मोत्यांची कंठी या दगडावर ठेवा, आणि निवांत जेवून या."

सुभेदारांचा हात झटकन गळ्याकडे गेला.

सकवारबाई हळूच म्हणाल्या, "तुम्ही तर इथले मालक, सरकार. तो बिचारा नाखवा तर समुद्रापलीकडून येतो."

रंगोजीराव ओशाळले, पण माणूस मनाचा खोटा नव्हता. त्यांनी तिथल्या तिथे दवंडी पिटवली, की धक्क्यावरून जे चोरीला जाईल ते सुभेदार स्वतःच्या पदरचं भरून देतील.

पुढच्या हंगामात केशराची पहिली पेटी उतरली. नाखवा ती धक्क्यावर ठेवून खुशाल जेवायला गेला. तो परत येईपर्यंत सुभेदार मात्र उपाशीपोटी त्या पेटीवर बसून होते.