उतरताना पाठ रिकामी

जनावरं बोलत होती आणि माणसं त्यांना उत्तरही देत होती, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट आहे. लहानांनी ती ऐकावी. मोठ्यांनी तर जरूर ऐकावी, कारण ती त्यांनाच जास्त लागू आहे.

समुद्राकाठी एक श्रीमंत नगर होतं. बंदरात जहाजं लागायची, त्यांतून रेशीम, मिरी, चंदन उतरायचं आणि बंदरालगतच्या बाजारात विकलं जायचं. बाजार खाली आणि घरं वर. मागच्या उभ्या टेकडीवर घरांच्या रांगा चढत गेल्या होत्या आणि रस्ते म्हणजे नुसत्या पायऱ्या.

ज्याला काही हवं असेल, त्याने खाली यावं, दुकानदाराच्या गादीवर बसावं, त्याने दिलेलं पान खावं. मग दुकानदार रुमाल पुढे करी आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरे. भाव तोंडाने बोलणं हलकेपणाचं मानत. दुकानांना जाड पडदे असत, कारण समईच्या उजेडात कोणताही रंग गहिरा दिसतो. हात सुटला की सौदा पक्का. घरी जाऊन कापड विटकं निघालं, तर ते तुमचं नशीब.

ही रीत कुणी पाडली, ते कुणालाच माहीत नव्हतं. म्हणूनच ती सगळ्यांना पवित्र वाटायची.

या बाजाराच्या अगदी टोकाला वेणू नावाच्या तरुण मुलीचं कापडाचं दुकान होतं. वडील वारल्यावर ती एकटीच ते चालवत होती. पण गिऱ्हाईक तिच्यापर्यंत पोचतच नसे, आधीचे दुकानदार त्याला वाटेतच ओढून नेत. बाजाराचा कायदा मात्र कडक होता. दसऱ्यापर्यंत ज्या गादीवर एकही गिऱ्हाईक बसलं नाही, तो गाळा पंचांनी काढून घ्यायचा. आणि मुख्य पंच होते वेणूचे सख्खे थोरले काका, दाजीशेठ. त्यांना गोदामासाठी जागा हवीच होती.

"पोरी, दसऱ्याला तूच किल्ली आणून दे," काका पान चघळत म्हणाले. "उगाच आम्हा म्हाताऱ्यांना टोकापर्यंत चालायला लावू नकोस."

"या की काका चालत," वेणू म्हणाली. "बसून बसून आखडलेले पाय तेवढेच मोकळे होतील."

रागाने ती दुकानाच्या मागच्या दारात जाऊन उभी राहिली. तिथे बंदरावरची गाढवं होती. जहाजांचा माल दुकानांत टाकला की ती दिवसभर माश्या वारत उभी राहत. त्यांच्या डोक्यांवरून वेणूला अख्खी टेकडी दिसत होती. बाजारातल्या बाकी दुकानांतून समोरच्या दुकानाशिवाय काही दिसत नसे. टोकाच्या दुकानातून मात्र घराघराची खिडकी दिसत होती आणि खिडकी-खिडकीत एक बाई बसलेली. कुणाच्या मांडीवर तान्हं मूल, कुणाचे गुडघे गेलेले.

"त्यांना खाली येता येत नाही," वेणू स्वतःशीच म्हणाली. "मग कापडच वर गेलं तर?"

"आणि नेणार कोण?" गाढवांचं म्होरकं म्हणालं.

"तू नेशील का?"

गाढवाचे कान ताठ झाले. "विचारतेस? आजवर कुणी विचारलं नव्हतं, सरळ लादायचे. नेईन. पण एक अट आहे. चढताना ओझं, उतरताना पाठ रिकामी. गुडघे जातात ते उतरताना, चढताना नाही."

"कबूल. आणि चारा चढायच्या आधी."

"आधी?" म्होरक्याने मागे वळून बाकीच्यांना हाक मारली. "अरे, ऐकलंत का? आधी म्हणतेय!"

वेणूने आपल्या प्रत्येक रंगाच्या पट्ट्या कापल्या आणि घरोघरी पाठवल्या. ज्या रंगाचं कापड हवं, त्या रंगाची पट्टी खिडकीला बांधायची. टोकाच्या दुकानातून ती दिसेल आणि कापड दारात येईल. भाव काय, ते गाढव दारात उभं राहून मोठ्याने ओरडून सांगे. गाढवाला कसली आली लाज!

बाजारात हसून हसून लोकांना ठसका लागला. "दाजीशेठ, तुमची पुतणी फेरीवाली झाली हो!" "आज कापड दारोदार फिरतंय, उद्या झोळी फिरेल!" काकांनी कपाळाला हात लावला आणि गोदामाला कुलूप कोणतं घ्यावं याचा विचार करू लागले.

पहिली पट्टी बांधली ती टेकडीच्या माथ्यावर राहणाऱ्या कृष्णाक्कांनी. गुडघे गेल्यापासून त्यांनी बाजार फक्त खिडकीतून पाहिला होता. नातीच्या लग्नात नेसायला त्यांना डाळिंबी रंगाचं लुगडं हवं होतं. वेणूने पट्टी पाहिली, आनंदाने पडद्याआड धावली, समईच्या उजेडात लुगडं काढलं आणि पाठवून दिलं.

गाढव परत आलं ते मान खाली घालून. "अक्का म्हणाल्या, हे विटकरी आहे."

वेणूने दुकान तसंच टाकलं. ती धापा टाकत माथ्यावर गेली. उन्हात धरलेलं लुगडं खरंच विटकरी होतं. बाजाराच्या अंधाराने दुसऱ्यांना फसवता फसवता आज तिलाच फसवलं होतं.

"जाऊ दे गं," कृष्णाक्का म्हणाल्या. "घेतलं ते घेतलं. तुमच्या बाजारात परत कोण घेतं? आमच्या ह्यांनी आणलेला शालू तर जन्मभर उंदराच्या रंगाचा होता. नेसलेच ना?"

"मी घेते परत," वेणू म्हणाली. "चूक माझी आहे. उद्या डाळिंबी लुगडं येईल."

तिने लुगड्याचं गाठोडं बांधलं आणि गाढवाकडे पाहिलं. गाढवाने आभाळाकडे पाहिलं. "उतरताना पाठ रिकामी," ते हळूच म्हणालं. "बोलणं झालं होतं आपलं."

"झालं होतं," वेणू म्हणाली आणि गाठोडं तिने स्वतःच्या डोक्यावर घेतलं.

ती पायऱ्या उतरू लागली. खिडक्यांतल्या बायका वाकून पाहू लागल्या. कापडाच्या दुकानाची मालकीण विकलेला माल डोक्यावरून परत नेत होती आणि गाढव मागून रिकामं चाललं होतं. बाजारात शिरल्यावर तर सगळे गाद्या सोडून बाहेर आले.

"काय गं, गाढव कोण आणि मालक कोण?"

"विकलेला माल परत? वेणू, खानदानाचं नाक कापलंस!" दाजीशेठ गरजले.

"नाक शाबूत आहे, काका. डोळे तेवढे गेले होते," वेणू म्हणाली. दुकानात शिरताच तिने जाड पडदा ओढून खाली पाडला. पिढ्यान्‌पिढ्यांत पहिल्यांदा त्या दुकानात ऊन आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेणूने मागचं दार उघडलं आणि ती तिथेच उभी राहिली. टेकडीवर मोरपंखी, हळदी, जांभळ्या, अबोली पट्ट्या फडफडत होत्या. बायकांनी काल बाजाराचं हसू ऐकलं नव्हतं. त्यांनी फक्त तिच्या डोक्यावरचं गाठोडं पाहिलं होतं. जी माल परत घेते, तिच्याकडून न पाहता घ्यायला हरकत नाही, असं एकीने दुसरीला खिडकीतून सांगितलं होतं आणि संध्याकाळपर्यंत ते टेकडीभर झालं होतं. "चला रे," म्होरकं गाढव म्हणालं. "आज जेवण दाबून घ्या."

त्यानंतर वेणूच्या दारातून गाढवांची रांग हटली नाही. बाजारात मात्र गाद्या ओस पडू लागल्या.

दसरा उजाडला. पंच टोकाच्या दुकानापर्यंत चालत आले. दाजीशेठांच्या हातात नवं कोरं कुलूप होतं.

"खप तुझा सगळ्यात मोठा, हे मान्य," ते म्हणाले. "पण कायदा खपाचा नाही, गादीचा आहे. तुझ्या गादीवर एक तरी गिऱ्हाईक बसलं का?"

वेणूने गादीकडे पाहिलं. गादीवर धुळीचा थर होता. तिच्या गिऱ्हाइकांना खाली उतरावं लागू नये म्हणून तर तिने सगळं केलं होतं.

काकांनी कुलूप उघडलं. तेवढ्यात टेकडीवरून ताशासारखा आवाज येऊ लागला. पायऱ्यांवर खूर वाजत होते. म्होरकं गाढव सावकाश, एकेक पाय जपत उतरत होतं आणि त्याच्या पाठीवर डाळिंबी लुगडं नेसलेल्या कृष्णाक्का बसल्या होत्या. वाटेतल्या खिडक्यांतून पोरं टाळ्या पिटत होती.

"अरे, तुझी अट?" वेणू ओरडली. "उतरताना पाठ रिकामी ना?"

"तू माझी अट डोक्यावर वाहिलीस," गाढव धापा टाकत म्हणालं. "आज मी तुझ्या गादीची अट पाठीवर वाहतो. आणि हे ओझं नाही. गिऱ्हाईक आहे."

"ओझं म्हणालास तर खबरदार!" कृष्णाक्का म्हणाल्या. वेणूने धरून त्यांना उतरवलं. त्यांनी पदराने गादी झटकली, ऐसपैस बसल्या आणि दाजीशेठांकडे पाहून म्हणाल्या, "गिऱ्हाईक बसलंय. पान कुठाय? आणि तो रुमाल आत ठेवा. मला भाव कानाने ऐकायची सवय झाली आहे."

दाजीशेठांनी कुलूप कनवटीला लावलं. कायदा त्यांचाच होता, तो मोडायचा कसा?

पुढच्या पावसाळ्यापर्यंत बाजारातला एकेक जाड पडदा उतरला. भाव ठरवायचे रुमाल फाडून दुकानदारांनी त्यांच्याच पट्ट्या केल्या आणि त्या टेकडीवर पाठवायला वेणूच्या गाढवांकडे रांग लावली. रांगेत सगळ्यात मागे दाजीशेठ उभे होते.

"आधी चारा," म्होरकं गाढव त्यांना म्हणालं. "आणि आधी विचारा."

तात्पर्य: जो गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत चढतो आणि स्वतःची चूक स्वतःच्या डोक्यावरून परत आणतो, त्याचं दुकान कुणालाही बंद करता येत नाही.